मेंढी कुठल्या गावची?

परवा सकाळी कंपनीची बस चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळली आणि दहा मिनिटांत थांबली. समोर मेंढरं. रस्ता भरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागे दोन घोडी, त्यांच्यावर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर एक कोंबडी आणि एक पोर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला आणि मग नाद सोडून दिला. बसमध्ये नेहमीचे विनोद झाले. "यांना पंचिंग नाही वाटतं!" वगैरे. मी खिडकीत बसून मोजायचा प्रयत्न करत होते. दीडशेपर्यंत मोजली आणि मग चुकले.

पालघरकडच्या मंडळींना हे दृश्य नवीन नाही. भातकापणी झाली, दिवाळी सरली की घाटावरचे धनगर कोकणात उतरतात. तिकडे चारा संपत आलेला असतो, इकडे खाचरं मोकळी असतात. पावसाच्या आत परत वर. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, खूर कुजतात. मुंबईकर भाचरांसाठी सांगते, हे काही भटकत आलेले लोक नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते, गावं ठरलेली असतात, बऱ्याचदा शेतंही ठरलेली असतात.

आमचं शेत त्यांतलंच एक होतं. माझं माहेर मनोरच्या बाजूला. आप्पा दरवर्षी मेंढ्या बसवायचे. म्हणजे रात्रीच्या हिशोबाने धनगराला भात द्यायचा आणि त्याने आपल्या खाचरात कळप बसवायचा. दोन-चार रात्रींत सगळ्या शेताला लेंडीखत. पुढच्या वर्षीचं भात बघूनच कळायचं की मेंढ्या कुठल्या बांधापर्यंत बसल्या होत्या!

आता जे सांगणार आहे ते घरात कुणी फारसं बोलत नाही. पण काका-आत्या वाचतायत हे माहीत असूनही लिहिते.

१९९८ चा जानेवारी. मी कॉलेजात, बीएस्सीला. त्या वर्षी आमच्या खाचरात बसलेल्या वाड्यातल्या मेंढ्या मरायला लागल्या. पहिल्या दिवशी दोन, मग तीन, चार दिवसांत अकरा. ताप, मान खाली, चरणं बंद, डोळ्यांच्या कडा पिवळ्या, खांद्यापाशी गाठ आलेली. धनगर म्हणाला, "पाटील, गोचडीचा ताप हाय ह्यो." आप्पांनी ऐकून घेतलं. पण शेजारचे म्हणायला लागले की आमच्या बैलांना लागलं तर? पाचव्या दिवशी आप्पांनी सांगितलं, "उद्या सकाळी वाडा हलवा." ठरलेलं भात दिलं, वर दोन पायली जास्तीच दिलं. ते लोक पहाटेच गेले. आजारी मेंढ्यांसकट.

मला बोचतं ते वेगळंच. त्याच टर्ममध्ये आम्ही प्रॅक्टिकलला स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा स्मीअर केला होता. काचेवर एक थेंब, दुसऱ्या काचेने ओढायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मेंढीच्या कानाच्या कडेला सुई टोचून हेच करता आलं असतं. माझ्या जर्नलमध्ये कोऱ्या काचा होत्या. माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. रक्त तपासायचं ते माणसाचं, मेंढी मरते ती मरतेच, असंच काहीतरी मनात असणार.

असो. आता पुन्हा या जानेवारीत.

बस थांबली त्याच्या पुढच्या रविवारी भाजी आणायला गेले तर तोच कळप नागझरीच्या अलीकडे एका शेतात बसलेला. एक बाई मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन कानातून गोचीड काढत होती. काढायची आणि दगडावर दगडाने चिरडायची. मी उभी राहिले, बोलणं झालं. मी कुठे काम करते विचारलं तिने. तारापूर एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात, म्हटलं. तिने दगड खाली ठेवला आणि विचारलं, "मग आमच्या मेंढरांसाठी काय बनवतासा?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा हा विषय नीट वाचायला घेतला. जे समजलं ते आणि त्यावरचं माझं मत, असा हा प्रपंच.

आधी आजार. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, पिता पिता रोग सोडते. मेंढ्यांमधला सगळ्यांत वाईट म्हणजे थायलेरिया लेस्टोक्वार्डी नावाचा एकपेशीय परजीवी. तो नेणारी गोचीड हायलोमा जातीची. लहान असताना ती आजारी जनावराचं रक्त पिते, कात टाकून मोठी होते आणि दुसऱ्या जनावराला चावताना लाळेतून परजीवी आत सोडते. तो आधी पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना वेड्यासारखं वाढायला लावतो, जवळजवळ कॅन्सरसारखं. म्हणून त्या गाठी. मग तांबड्या पेशींत जातो. म्हणून तो पांढुरकेपणा, ती कावीळ. आमच्या खाचरात हेच होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण कुणी काच बघितली नाही.

आता लस. मला वाटलं होतं की परजीवीविरुद्ध लस म्हणजे फारच पुढचं विज्ञान असेल. पण तसं नाही! याच परजीवीचा सख्खा भाऊ, थायलेरिया अ‍ॅन्युलाटा, गाईंना होतो. त्याला तीच हायलोमा गोचीड नेते. आणि त्याची लस आपल्या देशात आहे. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने ती विकसित केली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने रक्षाव्हॅक-टी नावाने बाजारात आणली. परजीवी शिरलेल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायच्या, एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं शेकडो वेळा. हळूहळू परजीवीचा मारकपणा जातो, पण शरीराला ओळख पटण्याइतका तो शिल्लक राहतो. मग ती जिवंत लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवायची. मेंढ्यांच्या परजीवीवरही याच पद्धतीने इराणमध्ये लस झाली आणि तिथल्या कळपांत वापरली गेली. म्हणजे वाट कुणीतरी चालून दाखवलेली आहे.

मग गाईला आधी का मिळाली? कारण सरळ आहे. आपल्या गावठी गाई या परजीवीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. दूध वाढवायला आपण होल्स्टीन, जर्सीचं रक्त आणलं आणि त्या संकरित गाई गोचीडतापाने पटापट मरायला लागल्या. एक संकरित गाय मेली की हजारोंचं नुकसान, कर्जाचा हप्ता, डेअरीचं दूध कमी. डेअरीत रोजची नोंद असते. तोटा दिसला म्हणून लस झाली. यात वाईट काहीच नाही, असंच व्हायला हवं. प्रश्न एवढाच की मेंढीचा तोटा कुठे दिसतो?

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी आम्हाला एक वाक्य घोटवून घेतात. जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तुम्ही टेस्ट केली असेल, रिझल्ट उत्तम असेल, पण रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर ऑडिटरच्या लेखी ती टेस्ट झालेली नाही. अकरा मेंढ्या १९९८ साली आमच्या खाचरात मेल्या. कुठल्या रजिस्टरमध्ये? कुठल्याच नाही. म्हणजे त्या मेल्याच नाहीत!

धनगराची मेंढी मरते ती वाटेवर. आज मनोरला दोन, परवा विक्रमगडला एक, पुढच्या आठवड्यात वाड्याच्या पुढे तीन. प्रत्येक ठिकाणी आकडा इतका लहान की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात हजारो मेंढ्या एकदम दगावल्या, तेव्हा पेपरात फोटो आले, पंचनामे झाले. एका रात्रीत मेल्या म्हणून दिसल्या. गोचीड इतकी दयाळू नाही. ती हप्त्या-हप्त्याने मारते.

सप्टेंबर २०२० आठवतोय? कोविडच्या भर गर्दीत आपल्या पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाचा इशारा दिला होता. गुजरातेत रुग्ण सापडले होते आणि हा ताप गोचिडांमुळे जनावरांत आणि जनावरांकडून माणसांत येतो म्हणून पशुपालक, मटणवाले, सगळ्यांना सावध केलं होतं. योग्यच केलं. पण तो विषाणू नेणारी गोचीड कोण? हायलोमाच! म्हणजे माणसाला धोका दिसला त्या दिवशी गोचीड सरकारी कागदावर आली. मेंढीला तीच गोचीड पिढ्यान्‌पिढ्या मारते आहे, त्याचा कागद नाही.

आता कुणी म्हणेल (आमच्या घरातच एकजण म्हणाला), "अगं, धनगर काय लस विकत घेणार आहेत? कंपनी कशाला बनवेल?" मलाही आधी हेच वाटलं होतं. पण पूर्व आफ्रिकेतलं उदाहरण बघा. तिथे थायलेरियाचाच तिसरा भाऊ गाईंना मारतो, ईस्ट कोस्ट फीव्हर म्हणतात. १९७० च्या दशकात केनियातल्या मुगुगा इथल्या शास्त्रज्ञांनी त्यावर एक धाडसी उपाय बसवला. जिवंत परजीवीच टोचायचा आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायचं. आजार होतो न होतो इतकाच होतो आणि प्रतिकारशक्ती मात्र राहते. टांझानियातले मसाई, म्हणजे आपल्या धनगरांसारखेच गुरांमागे चालणारे लोक, ही लस स्वतःच्या खिशातले पैसे देऊन टोचून घेतात. लस दिलेल्या वासराच्या कानात बिल्ला असतो आणि बाजारात त्याला भाव जास्त मिळतो. तेव्हा "ते पैसे देणार नाहीत" हे वाक्य आपण न विचारताच बोलतो.

धनगर आजही खर्च करतोच आहे. गोचीड मारायचं औषध अंगाला लावतो, आयव्हरमेक्टिनची सुई देतो, वर्षातून दोनदा लोकर कातरून घेतो. गोचीड मात्र औषधांना सरावत चालली आहे, हे आपल्या देशात डेल्टामेथ्रिनच्या बाबतीत अनेक ठिकाणी दिसलं आहे. जास्त औषध, मग अजून जास्त. हा खेळ कधी ना कधी हरायचाच.

तर माझं मत काय? "मेंढ्यांसाठी ताबडतोब लस आणा" असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांना गोचीडीमुळे लूपिंग इल नावाचा मेंदूचा आजार होतो. हा विषाणूचा, पण गोचीड आहेच. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२० च्या सुमारास स्वतः एकत्र येऊन मेंढ्यांच्या रोगांवर संशोधन करणारी संस्था उभी केली, आज ती मोरडन नावाने ओळखली जाते. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात लूपिंग इलवर लस काढली. ती मेंढीच्याच मेंदूपासून बनायची, फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून. १९३५ ची एक बॅच सुमारे अठरा हजार मेंढ्यांना दिली गेली आणि दोनेक वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा असाध्य आजार झाला. ज्या मेंढ्यांचा मेंदू वापरला त्यांच्यात तो दडलेला होता आणि फॉर्मॅलिनने तो मेला नव्हता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण बॅच रिलीजच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाचं हे सगळ्यांत वाईट स्वप्न आहे. आणि तरीही ती गोष्ट आपल्याला कळते, कारण कुठली बॅच कुणाला दिली याची नोंद होती आणि त्या मेंढ्यांवर लक्ष होतं. लस देऊन विसरून जायचं असेल तर न दिलेली बरी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आम्ही कच्चा माल आला की आधी ओळख चाचणी करतो. डबा बघून नाही, आतला पदार्थ बघून. मेंढ्यांत थायलेरियाच्या एकापेक्षा जास्त जाती आहेत. चीनमधून पहिल्यांदा नोंदलेली थायलेरिया लुवेन्शुनी ही जात गेल्या काही वर्षांत दक्षिण भारतातल्या मेंढ्यांतही सापडली आहे. शिवाय बबेसिया आहे. लस एकावर चालेल ती दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मग घाट उतरून पालघरला येणाऱ्या मेंढीला नेमकं काय होतं, हे आधी बघायला नको का? लसीची पहिली पायरी मोठ्या प्रयोगशाळेत नाही, मेंढीच्या कानाच्या टोकाशी आहे. एक सुई, एक काच, एक थेंब. हे तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकतं आणि अवघड असेल ते पुण्याला औंधच्या विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेत जाऊ शकतं.

म्हणून मी एका पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. धनगराच्या मेंढीच्या रक्ताची काच आणली तर तपासाल का? पलीकडचे गृहस्थ चांगले होते, म्हणाले, "आणा की." आणि मग थोडं थांबून विचारलं, "पण मेंढी कुठल्या गावची लिहायची?"

मंडळी, सगळी मेख इथे आहे. रजिस्टरला गावाचा रकाना असतो. वाटेचा रकाना नसतो. धनगराचं गाव घाटावर, मेंढी आजारी पडली मनोरला, गोचीड चावली कदाचित कसाऱ्याच्या आसपास आणि मेली नागझरीला. कुठल्या जिल्ह्याने लिहायची? कुणीच लिहीत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या आहेत. गणतीत आहेत, आजारात नाहीत. महामेष योजनेत सरकार वीस मेंढ्या आणि एक नर घ्यायला अनुदान देतं. उत्तम. पण त्यांतली मेंढी कशाने मेली हे विचारणारा कागद हवा ना?

एक आशा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद करायचं पहिल्यांदाच ठरलं. म्हणजे वाटेचा रकाना निघू शकतो! आणि मनात आणलं तर काय होतं ते २०२२ मध्ये आपण पाहिलं. लम्पी आला तेव्हा काही आठवड्यांत राज्यातल्या बहुतेक गाईंना सरकारने फुकट लस टोचली. गंमत म्हणजे ती लस होती शेळ्यांच्या देवीची. शेळी गाईच्या कामी आली. आता गाईच्या लसीतलं शहाणपण मेंढीच्या कामी यायला हरकत नसावी.

आता घरच्यांसाठी. ज्यांच्या शेतात अजून मेंढ्या बसतात (काका, तुम्ही बसवता हे मला माहीत आहे), त्यांना एकच विनंती. यंदा एखादी मेंढी मान टाकून बसली तर वाडा हलवायला सांगण्याआधी १९६२ वर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो नंबर आहे. डॉक्टर आले की म्हणा, रक्ताची काच घ्या आणि निकाल लिहून द्या, एक प्रत धनगराला आणि एक आपल्याला. आणि बैलांची काळजी वाटत असेल तर बैलांवरची गोचीड बघा, ती आपली आपल्याच गोठ्यात असते. ती धनगरानेच आणली असं धरून चालू नका.

नागझरीचा वाडा काल उठला. मी शनिवारी गेले होते, काचांचं एक पाकीट घेऊन. त्या मावशींना काच कशी धरायची, थेंब कसा ओढायचा ते दाखवलं. माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर होता. वाळलेल्या काचा कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि जो दवाखाना वाटेत लागेल तिथे द्यायच्या असं ठरलं. गावाच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

हे सगळं आप्पांना वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील माहीत नाही. बहुतेक काहीच म्हणणार नाहीत, आणि मग रात्री जेवताना अचानक विचारतील की त्या साली नक्की किती मेल्या होत्या. अकरा, आप्पा. अकरा.